सोलापूरच्या मे महिन्यात शेंगदाणा-चॉकलेटचे गोळे: सल्ला हवा

खाऊवाली : नमस्कार मंडळी, जुळे सोलापुरात राहते. मे महिन्यात भाचीचा वाढदिवस आहे आणि तिला पीनट बटर भरलेली चॉकलेटं हवीत. सगळं घरीच करायचं आहे. साधा मिक्सर आहे, ओव्हन नाही. दाण्याचा कूट होतो, पण तो लोण्यासारखा कसा करायचा? आणि कुठलं चॉकलेट घेऊ, म्हणजे ताटलीत ठेवल्या ठेवल्या पाघळणार नाही?

उखळमुसळ : ताई, शेंगाचटणीच्या गावाला हे अवघड नाही. चटणी कुटताना दाण्याचं तेल सुटून ती ओलसर होते ना, इथे तेच आणखी पुढे न्यायचं. दाणे मंद आचेवर आतपर्यंत खमंग भाजा. खवट, सुरकुतलेले, बुरशी आलेले आधीच निवडून टाका. फोलपटं पाखडून दाणे कोमट असतानाच लहान भांड्यात फिरवा. आधी कूट होईल, मग कडेला चिकटणारा घट्ट गोळा. बहुतेक जण इथेच थांबतात. तुम्ही कडा खरवडून फिरवत राहा, मिक्सर तापला तर थोडा वेळ बंद ठेवा. मग एकदम चकाकी येते आणि सगळं सैल होतं. फारच अडलं तर चमचाभर शेंगदाणा तेल घाला, पाणी मात्र थेंबभरही नको. वाटीभर पीनट बटरला साधारण अर्धी वाटी पिठीसाखर आणि चिमूटभर मीठ. मीठ हवंच, त्याशिवाय चव मिळमिळीत लागते. गोळे वळून फ्रीजमध्ये घट्ट होऊ द्या.

कोकोप्रेमी : चॉकलेटचं मी सांगतो. खऱ्या चॉकलेटमधलं कोको बटर साधारण 34 अंशांना वितळतं आणि मेमध्ये आपल्याकडे पारा 40 च्या वर असतो. शिवाय ते टेंपर करावं लागतं: डार्क असेल तर 45 अंशांपर्यंत वितळवायचं, 27-28 पर्यंत निववायचं, पुन्हा 31-32 वर आणायचं. ते चुकलं की वर पांढुरके डाग येतात. म्हणून आत्ता डार्क कंपाउंड घ्या. त्यात कोको बटरऐवजी वनस्पती स्निग्धांश असतो, नुसतं वितळवलं की काम होतं. चवीला खरंच चॉकलेट सरस, पण ते जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या थंडीत करा.

वितळवताना चॉकलेटचं भांडं गरम पाण्याच्या पातेल्यावर ठेवा, पण त्याचा तळ खालच्या पाण्याला टेकू देऊ नका, आणि वाफेचा थेंब आत पडला तर चॉकलेट आळून रवाळ होतं. चमचा कोरडाठाक हवा. गोळा काट्यावर घेऊन बुडवा, कडेला टकटक करून जास्तीचं निथळू द्या.

खाऊवाली : किती छान सांगितलंत! साखरेऐवजी गूळ चालेल का? आणि फ्रीजमधून काढल्यावर घाम फुटतो त्याचं काय?

उखळमुसळ : गुळाची पावडर चालेल, पण अगदी कोरडी. चिक्कीचा ओलसर गूळ नको.

कोकोप्रेमी : घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. बाहेर काढल्यावर थोडा वेळ डबा उघडू नका, म्हणजे दमट हवेचं पाणी डब्यावर साचेल, चॉकलेटवर नाही. पंगत बसली की मगच ताटलीत काढा, कंपाउंडही 40 अंशांत मऊ पडतंच.

सातरस्ता : एक राहिलं. बाहेरची मुलं येणार असतील तर त्यांच्या आयांना आधी विचारा. दाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाला एक घासही भारी पडू शकतो. त्यांच्यासाठी नुसत्या चॉकलेटच्या वड्या आधी पाडून घ्या, दाण्याचं भांडं नंतर काढा.