निवेदकानं प्रेक्षकाला अर्थ सांगावा का?

खासबागकर
राज्य नाट्य स्पर्धेच्या तोंडावर कोल्हापुरात संहिता वाचायला घेतल्या की एक गोष्ट हमखास सापडते. पडदा उघडतो, कोपऱ्यात स्पॉट पडतो आणि निवेदक सांगू लागतो, की आता तुम्ही बघणार आहात एका मोडलेल्या घराची गोष्ट. माझं स्पष्ट मत आहे, की इथंच नाटक संपतं. घर मोडलंय हे प्रेक्षकाला कळायला दोन अंक आहेत. ते पहिल्या मिनिटात सांगून टाकलं तर पुढं तो फक्त ताडून बघत बसतो.

एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी'तला (१९८५) ट्रॅक्टर आठवा. वाड्याच्या दाराशी गंजत उभा आहे. त्या घराचं काय झालंय ते कुणी निवेदकानं येऊन सांगायची गरजच पडत नाही, ट्रॅक्टर सांगतो. अशी वस्तू रुजवायची एक रीत आहे. पहिल्यांदा ती सहज बोलण्यात यावी, दुसऱ्यांदा कुणाच्या तरी आड यावी, आणि तिसऱ्यांदा कुणी तिच्याबद्दल अवाक्षरही काढू नये. तिसऱ्या वेळी प्रेक्षक स्वतः बोलतो, मनातल्या मनात. पहिल्याच वेळी तिच्यावर खास प्रकाश टाकला, की सगळे ओळखतात, 'हे प्रतीक आहे बरं का'. मग रुजायला काही उरत नाही.

तिसरी घंटा
मत पटलं नाही. निवेदक म्हणजे आपला सूत्रधारच, आणि तो आपल्या मातीतला आहे. संगीत नाटकात नांदीनंतर तोच येतो, कीर्तनात बुवा तेच काम करतात, दशावतारातही तो आहेच. त्याला बाहेर काढलं तर आपल्याकडं उरलं काय, दिवाणखान्याच्या तीन भिंती?

'घाशीराम कोतवाल' (१९७२) बघा की. सूत्रधार रात्री भटजीला वाटेत अडवून विचारतो, कुठं निघालात? भटजी कीर्तनाचं नाव घेतो आणि पावलं बावनखणीकडं, म्हणजे नाचणाऱ्या-गाणाऱ्या बायकांच्या वस्तीकडं, वळतात. सूत्रधारानं निकाल दिला नाही, फक्त प्रश्न विचारला. आणि मागं ब्राह्मणांची रांग. ती रांगच भिंत होते, भिंत डोलते, फिरते, प्रेक्षकांकडं पाठ करते, हवं तेव्हा मोडून पुण्यातली माणसं होते. भजनातून लावणी, लावणीतून भजन. आत काय चाललंय ते झाकणारी भिंतच गाते-नाचते, हे बघताना आपणही ठेका धरतो आणि मग अंगावर येतं, की आपण कशावर ठेका धरला. ह्यात निवेदन किती आहे ते मोजा.

खासबागकर
मग तुम्ही माझंच म्हणणं मांडलंत. तिथं सूत्रधाराच्या तोंडी एक आणि डोळ्यांसमोर दुसरं. त्या दोन्हीतलं अंतर प्रेक्षक भरून काढतो. स्पर्धेच्या संहितांत तोंडी आणि डोळ्यांसमोर एकच असतं. पात्र रडतं, निवेदक सांगतो 'ती रडत होती', वर बासरी. तिन्हींचं काम एकच असेल तर दोन कापावीत.

विंगेतून
दोघंही कागदावर भांडताय, प्रेक्षागृह विसरून. पहिली पाच मिनिटं लोक खुर्ची शोधतात, दार वाजतं, कुणाचा तरी मोबाईल उजळतो. तेवढ्यात आलेलं नातं, नाव, साल वाहून जातं. म्हणून महत्त्वाची माहिती त्यानंतर यावी, आणि दोनदा यावी, वेगवेगळ्या तोंडून.

दुसरं, हशा. हशा पिकल्यावर तो चढतो, टिपेला जातो आणि उतरतो. पुढचं वाक्य तो उतरू लागल्यावर टाकायचं. टिपेला टाकलं तर ऐकू जात नाही, पूर्ण विझल्यावर टाकलं तर प्रयोग थंड पडतो. लेखकानं कळीचं वाक्य विनोदाला लागूनच लिहिलं असेल तर नट कितीही चांगला असो, ते पडणारच. मध्ये एक बिनमहत्त्वाचं वाक्य लिहून ठेवा, हशाला खायला.

तिसरं, अंधार. प्रवेश बदलताना पाच-सहा सेकंदांच्या पुढं गेला की लोक बोलायला लागतात, आणि आधीच्या प्रवेशानं बांधलेलं सगळं सुटतं. मग ते सावरायला लेखक निवेदक आणतो! बऱ्याच संहितांत निवेदकाचा जन्म नेपथ्य बदलण्याच्या अडचणीतून झालेला असतो. टेबल हलवायला वेळ हवा, म्हणून चार ओळी. तो अर्थासाठी आलेलाच नसतो.

रंगपीठ
भावा, सगळेच प्रेक्षक प्रतीकं उकलायला येत नाहीत. काही गोष्टी थेट सांगाव्याच लागतात, त्यात कमीपणा नाही. स्वगत म्हणजे तरी काय? पात्र समोर येऊन मनातलं उघड सांगतं. 'नटसम्राट' (१९७०) त्यावर उभं आहे. 'एकच प्याला'त (१९१९) गडकऱ्यांनी काहीही झाकलं नाही. दारुडा तळीराम आणि त्याचं आर्य मदिरा मंडळ, लोक पोट धरून हसतात. त्याच प्याल्यानं नायक सुधाकर बुडतो, त्याची बायको सिंधू जाते. ज्या गोष्टीला आपण हसलो तीच उलटते. ढोबळ आहे, पण शेवटच्या रांगेपर्यंत पोचतं.

खासबागकर
प्याल्याचं उदाहरण मान्य. पण ती रचना आहे, सांगणं नव्हे. हशा आधी, घाव नंतर. क्रम उलटा केला असता तर तळीराम किळसवाणा वाटला असता.

स्वगताचं वेगळं आहे. तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे'मध्ये खेळ म्हणून मांडलेल्या कोर्टात आरोपी केलेल्या बेणारेला बोलायला दहा सेकंद मिळतात. बाकीचे थिजतात, ती मन मोकळं करते, आणि ते संपल्यावर कोर्ट असं पुढं चालतं की ती काही बोललीच नाही. तिचं बोलणं रंगमंचावर कुणीच ऐकलेलं नाही. ऐकलंय फक्त आपण. पात्रांना माहीत नाही ते आपल्याला माहीत, आणि आपण खुर्चीत गप्प. तेंडुलकरांनी प्रेक्षकाला माहिती दिली नाही, जबाबदारी दिली. निवेदकाच्या चार ओळींनी हे होत नाही.

तिसरी घंटा
होतं, निवेदक कोण आहे ह्यावर ते ठरतं. आळेकरांच्या 'महानिर्वाण'मध्ये (१९७४) निवेदन करणारा भाऊराव स्वतःच मेलेला आहे. स्वतःच्या मरणाचं कीर्तन करतोय आणि जुन्याच स्मशानात जाळा म्हणून हट्ट धरून बसलाय. त्याला काहीतरी हवंय, म्हणून त्याचं सांगणं तपासून घ्यावं लागतं. तुमच्या स्पर्धेतल्या निवेदकाला काहीच नको असतं, दुखणं तिथं आहे. त्याला नाटकात ठेवायचं तर एक गरज द्या, एक खोटं बोलायला द्या. तेही जमत नसेल तर कापा.

रंगपीठ
आणि कापल्यावर जुन्या वाड्याचा वाद, तीन पिढ्या, कोण कुणाचा चुलता हे शेवटच्या रांगेला कसं कळणार? ते आधी सांगा.

विंगेतून
भांडणातून. दोन भाऊ वाटणीवर भांडायला लागले की तिन्ही पिढ्यांची नावं दोन मिनिटांत आपोआप निघतात.