सीपी असलेल्या सात वर्षांच्या मुलीसाठी बसायची खुर्ची सुचवा (बजेट 12 हजार, माशेल, गोवा)

अबोली
नमस्कार. मी कुंडई औद्योगिक वसाहतीत औषध कंपनीत पॅकिंगला आहे, शिफ्ट ड्यूटी. घरात आम्ही दहा माणसं: सासू-सासरे, आम्ही दोघं, दीर-जाऊ, आमची तीन मुलं आणि त्यांचा एक. आमची मधली मुलगी सात वर्षांची, तिला सेरेब्रल पाल्सी (सीपी) आहे, म्हणजे मेंदूचा स्नायूंवर नीट ताबा राहत नाही. समजतं सगळं, पण आधाराशिवाय बसता येत नाही.

पहिल्या शिफ्टला मी सव्वासहाच्या बसने जाते. नवरा कदंब बसवर कंडक्टर, त्याची वेळ रोज वेगळी. जाऊ डबे करते, सकाळी तिचे दोन्ही हात चुलीपाशी. त्यामुळे मुलीला पेज भरवायची ती सासूबाईंनी. त्या भिंतीला पाठ लावून तिला मांडीवर घेतात, एका हाताने मान धरतात, दुसऱ्या हातात चमचा. मध्येच ती ताठते आणि मागे जाते, तो सगळा हिसका सासूबाईंच्या कंबरेवर. आता तिचं वजन 17 किलो आहे. सासूबाई बोलत नाहीत, पण उठताना खांबाला धरतात ते मला दिसतं.

जेवायला आणि अभ्यासाला बसवता येईल, पुसता येईल, पावसात गंजणार नाही अशी खुर्ची हवी. बजेट 12 हजार, त्यावर खरंच जमणार नाही. कुणी वापरली असेल तर सांगा.

डिचोलीकर
12 हजारांत धड काही येत नाही, ताई. आम्ही पुतण्यासाठी मुंबईहून 38 हजारांची आणली. मागे कलते, डोक्याला दोन्ही बाजूंनी आधार, चाकांना ब्रेक. चार वर्षं झाली, एक नट हलला नाही. एकदाच पैसे घाला आणि मोकळ्या व्हा.

खाजें
चार वर्षांत पोर वाढलं नाही का? आम्ही ऑनलाइन मागवली, 9 हजारांची. फोटोत सुंदर. पहिल्या पावसात स्क्रू गंजले, जूनमध्ये फोमला बुरशी आली, वास जाईना. परत घ्यायला कंपनी तयार नाही, म्हणे वापरलेली आहे. खुर्ची वापरायची नाही तर काय देव्हाऱ्यात ठेवायची? गोव्यात फोमचं काही घेऊ नका. घेतलंच तर वरून रेक्झिन.

निवृत्त मास्तर
बाय, खुर्चीचं नंतर बघ. मुलगी शाळेत जाते का? फोंड्याला ढवळीत लोकविश्वास प्रतिष्ठानची शाळा आहे, माशेलहून लांब नाही. दिवसाचे काही तास मूल तिथे राहिलं तर घरच्या बाईमाणसालाही श्वास घेता येतो.

मांडवीकाठ
मास्तर, जिला सगळं समजतं तिला वेगळ्या शाळेत का घालायचं? 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 31 वाचा. 40 टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्या मुलाला 6 ते 18 वयापर्यंत मोफत शिक्षण आहे, जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, निवड आपली. माझी भाची गावच्याच शाळेत जाते.

निवृत्त मास्तर
कायदा मला ठाऊक आहे. पण वर्गात चाळीस पोरं आणि एक बाई असली की अशा मुलाला शी-शूला कोण नेणार, ते कायद्यात लिहिलेलं नाही. मी तीस वर्षं वर्ग सांभाळलाय.

अबोली
ती गावच्या शाळेत पहिलीत आहे, सासरे नेतात-आणतात. धागा खुर्चीचा आहे हो.

सचिवालय
तुम्ही चाइल्ड केअर लीव्ह का घेत नाही? मला सरकारी नोकरीत एकूण 730 दिवस मिळते, मूल दिव्यांग असेल तर वयाची अटही नाही. मी मुलाच्या ऑपरेशनच्या वेळी घेतली, घर सावरलं.

अबोली
मी खाजगी कंपनीत आहे, ताई. आमच्याकडे वर्षाची रजा चवथीला आणि आजारपणात संपते.

सचिवालय
मग निदान आयकरातली वजावट (1961च्या कायद्यातलं कलम 80डीडी) तरी सोडू नका. जुन्या कररचनेत असाल तर दिव्यांग मुलासाठी 75 हजारांची वजावट, अपंगत्व 80 टक्के किंवा जास्त असेल तर सव्वा लाख. नवऱ्याच्या पगारावर लावून घ्या.

आयुषची आई
अबोलीताई, माझा मुलगा अकराचा, त्यालाही सीपी. विकत घ्या नाहीतर करून घ्या, आधी मापं घ्या. पाठीपासून गुडघ्याच्या मागच्या खळग्यापर्यंत जेवढं अंतर, त्यात दोन बोटं कमी, तेवढी बैठक खोल. जास्त खोल झाली की मूल पुढे घसरतं आणि कंबर वाकते. कंबर, गुडघा, घोटा तिन्ही काटकोनात आणि तळवे टेकलेले हवेत. पाय लोंबकळले की ताठणं वाढतं. दोन मांड्यांच्या मध्ये लाकडी ठोकळा, म्हणजे पायांची कात्री होत नाही. पट्टा पोटावर नको, कंबरेच्या हाडांवरून खाली खेचलेला हवा.

आणि कुणीही काहीही सांगो, भरवताना मागे कलवू नका. मान मागे गेली की पेज श्वासनळीत जाते. हनुवटी किंचित खाली, चमचा समोरून.

मी आमच्या गावच्या मेस्ताकडून, म्हणजे सुताराकडून, करून घेतली. फणसाचं लाकूड, पुढे काढता येणारा ट्रे, पायपट्टीला तीन खाचा, वाढेल तशी खाली करायची. थेरपिस्टने कागदावर माप काढून दिलं होतं.

डिचोलीकर
मेस्त काय थेरपिस्ट आहे? आमची खुर्ची डॉक्टरने बघून मान्य केली. कलणारीच घ्या.

आयुषची आई
कलणारी झोपेला, प्रवासाला ठीक. जेवायला नाही. एवढंच म्हणते आहे.

शिगमो
खर्च कशाला? दिव्यांगांना साधनं देणारी केंद्राची एडीआयपी योजना आहे, त्यात कानपूरच्या एलिम्को या सरकारी कंपनीची सीपी चेअर मिळते. उत्पन्नाची अट आहे, पण दिव्यांगांचं यूडीआयडी ओळखपत्र असेल तर शिबिरात नाव घाला. बारा वर्षांखालच्या मुलांना एक वर्षानंतर पुन्हा साधन मागता येतं, मोठ्यांना तीन वर्षं थांबावं लागतं. ते कार्ड काढलंय ना?

अबोली
कार्ड आहे. पण शिबिर लागेपर्यंत सासूबाईंची कंबर थांबणार नाही. दिव्यांगांसाठीचा निरामय आरोग्य विमा काढलाय, त्यात थेरपीची बिलं थोडी निघतात. तेवढ्यावरच फिजिओ चालू आहे.

मांडवीकाठ
निरामय सगळ्यांनी काढावा. केंद्राच्या नॅशनल ट्रस्टचा आहे, वर्षाला एक लाखापर्यंत.

म्हापशाचा बाजार
मी म्हणतो, खुर्चीपेक्षा सेकंड हँड व्हॅन बघा. आम्ही घेतली तेव्हापासून बांबोळीला गोमेकॉ इस्पितळात जाणं एकदम सोपं झालं. दीड लाखात मिळेल.

खाजें
12 हजार म्हटलंय त्यांनी. आणि फोम घेऊ नका.

मालती आजी
मुली, मीही नातवाला असंच मांडीवर भरवलं. आता माझे दोन्ही गुडघे गेले. तुझ्या सासूला विचार, ती नाही म्हणेल, तरी तू ऐकू नको. खुर्ची उंच घे, भरवणारीला वाकावं लागू नये.

डिचोलीकर
बघा, आजीही उंच म्हणतात.

आयुषची आई
उंच हवीच. जमिनीवरून 17 किलो उचलणं म्हणजे आणखी एक कंबर मोडणं.

अबोली
सगळ्यांचे आभार, देव बरें करूं. ठरवलं ते सांगते.

जमिनीवरची बैठी खुर्ची करून घेते आहे, मागे काटकोनात दोन फळ्या, कोपऱ्यासारखी. आमच्याकडे पंगत खालीच बसते. उंच खुर्चीत बसवलं की ती एकटी वर आणि भावंडं खाली. शेजारच्यांची खुर्ची आणून बघितली तेव्हा ती त्यांच्याकडेच वाकत होती. थेरपिस्टला विचारलं. ती म्हणाली, मांड्यांच्या मागचे स्नायू घट्ट आहेत, सपाट जमिनीवर पाय लांब केले की कंबर मागे घसरेल, म्हणून बैठक पाच बोटं उंच करा, गुडघे किंचित वाकलेले राहू देत. मांडीतला ठोकळा आणि कंबरेचा पट्टा आयुषच्या आईने सांगितला तसाच.

उचलायचं काम सासूबाईंकडून काढून घेतलं. दीर साडेसातला निघतो, तो आधी बसवून जाईल. उतरवायला सासरे आणि जाऊ मिळून. जावेनेच सुचवलं, डबे तेवढा वेळ थांबतील म्हणाली. सासूबाई बाजूला पाटावर बसून भरवतील. मेस्ताने साडेसहा हजार सांगितले. उरलेल्यात पायाचे स्प्लिंट (आधाराचे साचे) बदलायचे आहेत, जुने आखूड झालेत.

आयुषची आई
मला अजून पटलेलं नाही. तळवे टेकायला हवेत. पण थेरपिस्टने बघितलंय तर करा. दर तीन-चार महिन्यांनी माप तपासा, या वयात पाय झपाट्याने लांब होतात.

डिचोलीकर
निदान खाली चाकं तरी लावून घ्या.

अबोली
चाकं नकोत, ती ताठली की सरकेल.

खाजें
रेक्झिन ठोकायला पितळी खिळे घ्या, लोखंडी नको. आणि मेस्ताला सांगा, फळीला खालून पण पॉलिश मार. ओल खालूनच चढते.