मॉर्निंग शोचं विडंबन: मजा फुगवण्यात की तंतोतंत दाखवण्यात?

तर्रीप्रेमी_महाल
ऑस्ट्रेलियाच्या एबीसीवर २०१७ ते २०१९ मध्ये 'गेट क्रॅकिन' ही मालिका लागायची. केट मॅकार्टनी आणि केट मॅकलेनन एका मॉर्निंग शोच्या निवेदिका झाल्या आहेत आणि तो शो दर भागात त्यांच्या हातून निसटतो. ती चांगली जमली ती धंद्यातल्या बारकाव्यांमुळे, असं माझं ठाम मत आहे. फुगवायला या प्रकारात मुळात जागाच नाही. अमेरिकेचा 'टुडे' १९५२ साली सुरू झाला आणि पुढच्याच वर्षी जे. फ्रेड मग्ज नावाचा चिंपांझी निवेदकाशेजारी येऊन बसला. ब्रिटनचं टीव्ही-एएम हे सकाळचं प्रसारण १९८३ मध्ये गंभीर पत्रकारितेचा वसा घेऊन निघालं, प्रेक्षक पळाले, आणि त्यांना परत आणलं रोलंड रॅट या बाहुलीच्या उंदरानं. खऱ्यातच हे झालंय, तर लेखकानं याच्यावर काय चढवायचं?

सक्करदरा_७७
नाही पटलं भाऊ. तुम्ही तंत्राच्या प्रेमात पडून बोलून राहिले. निवेदिकेच्या कानातल्या टॉकबॅकमध्ये, म्हणजे कंट्रोल रूममधून येणाऱ्या सूचनांमध्ये, काय चाललंय हे घरी पोहे खाणाऱ्या माणसाला कुठं ठाऊक असते? खरा मुद्दा पैशाचा. गप्पांच्या नावाखाली पाहुणा गादी, तेल नाहीतर विमा विकून जातो आणि निवेदिका "अरे वा" म्हणत मान हलवते. एबीसी सरकारी पैशावर चालते, मधे जाहिराती घेत नाही, म्हणून तिला हे उघडं पाडता आलं. प्रायोजकावर जगणारी वाहिनी हे करणार नाही. आणि सेट पडतो, माईक पडतो, हे चौथ्या भागानंतर शिळं होते.

तर्रीप्रेमी_महाल
शिळं होतं ते कारणाशिवाय पडलं तर. नागपुरात असा शो रचायचा म्हणून तर्री पोह्याचा चार मिनिटांचा भाग घ्या. काळे चणे आठ तास भिजायला हवेत, पोहे धुऊन दहा मिनिटं निथळायला. म्हणून टेबलाखाली तीन संच ठेवावे लागतात: कच्चा, अर्धा शिजलेला, तयार. तयार संच पहाटे बनतो आणि त्याची पाळी येते पावणेनऊला. तोवर दिव्यांखाली पोहे कोरडे पडून त्यांचा गठ्ठा होतो आणि तर्रीवरचा तवंग निस्तेज दिसतो. स्टुडिओत गॅसऐवजी बहुधा इंडक्शन असते, त्यावर ॲल्युमिनियमची कढई ठेवली तर ती तापतच नाही. मोहरी थंड तेलात पडून राहते आणि निवेदिका म्हणते, "काय घमघमाट सुटलाय!" यात काहीच फुगवलेलं नाही.

ध्वनी_धंतोली
कढईबद्दल एक भर घालतो. इंडक्शनला भांडं ओळखू आलं नाही की ते टीं-टीं वाजायला लागते आणि थोड्या वेळानं बंद पडते. कॉलरचा माईक तो आवाज अचूक पकडतो. गमतीसाठी तो नंतर मोठा करू नका, आहे तेवढाच ठेवा; निवेदिकेच्या बोलण्याखाली तो चालू राहिला पाहिजे. तसंच बाहेरून जोडलेल्या वार्ताहराचं. उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटरवर, म्हणजे प्रश्न पोचून उत्तर परत यायला निव्वळ अंतरापायी अर्धा सेकंद जातो. सेकंदाला २५ फ्रेमच्या हिशेबात बारा-तेरा फ्रेम. मोबाइलच्या जाळ्यावरून जोडणी असेल तर एक-दोन सेकंदही जातात. त्या वेळात वार्ताहर नुसती मान हलवत उभा असतो. संकलक सवयीनं हीच पोकळी कापून टाकतो, आणि मग प्रसंगात काही राहत नाही.

सक्करदरा_७७
हे सगळं मान्य. पण मग 'गेट क्रॅकिन'चा शेवटचा भाग घ्या. त्यात सोफ्यावर मिरांडा टॅप्सेल आणि नाकिया लुई या दोन मूळनिवासी अभिनेत्री येतात आणि शेवटी टॅप्सेलचा राग उसळून येतो. ना कढई, ना पोकळी. हसू थांबते आणि तरी मालिकेतला सगळ्यात जबर भाग तोच. तुमचा बारकाव्यांचा नियम तिथं कुठं बसते?

तर्रीप्रेमी_महाल
बसतो ना. आधी दोन सीझन तो सोफा, ते गोड हसू, ती "पाहत राहा" म्हणायची लकब तंतोतंत उभी केली नसती, तर ती मोडल्याचा धक्काच बसला नसता.

सक्करदरा_७७
लकब मोडली म्हणून धक्का नाही बसला जी. कोणाला त्या सोफ्यावर कधीच बसू दिलं नव्हतं ते दिसलं म्हणून बसला. आणि तुमच्या कढईलाही मी हेच विचारतो: ॲल्युमिनियमची तिथं ठेवली कोणी? चहावाल्या पोऱ्याची चूक दाखवाल तर प्रसंग वाया जाईल. ती प्रायोजकाची कढई असू द्या, मूठ कॅमेऱ्याकडे वळवून नाव दिसेल अशी. तापत नाही हे सेटवर सगळ्यांना ठाऊक आहे, पण करारात तीच लिहिली आहे म्हणून कोणी बदलत नाही.

ध्वनी_धंतोली
मग टीं-टीं सुरू होताच निवेदिकेच्या कानात एवढंच येऊ द्या: "कढई थोडी डावीकडे, नाव कापलं जातंय."

तर्रीप्रेमी_महाल
करार मान्य. पण कानातलं ते वाक्य प्रेक्षकाला ऐकवू नका. तिनं बोलता बोलता कढई डावीकडे सरकवली, एवढं दिसलं की पुरे.

सक्करदरा_७७
ऐकवावंच लागेल. नाहीतर ती कढई का सरकवून राहिली, हे घरच्या माणसाला कसं कळणार?