काशी-प्रयाग-गया: क्रम, पंचक्रोशी अन् मावंद्याची गंगा

पुलगावकर: दिवाळीनंतर गावातले नऊ जण काशीला निघत आहेत, बहुतेक साठीच्या पुढचे. आधी प्रयाग की आधी काशी? पंचक्रोशी झेपते काय? अन् मावंद्याची, म्हणजे यात्रेहून परतल्यावरच्या जेवणाची, गंगा कशात आणायची?

जुना वारकरी: प्रयागला मुंडन, काशीला दंड, गयेला पिंड. क्रम हाच. नागपूरहून इटारसी-जबलपूरमार्गे प्रयागराजच आधी लागतं, तेव्हा वाटही सोयीची.

काशी म्हणजे 'अविमुक्त'. प्रलयातही शिव ही जागा सोडत नाही अन् इथे मरणाऱ्याच्या कानात तारकमंत्र सांगतो, अशी श्रद्धा. मुक्ती मिळायची ती तिथल्या मरणाने; जाऊन येणाऱ्याच्या वाट्याला क्षेत्राची प्रदक्षिणा. तीच पंचक्रोशी. मणिकर्णिकेहून निघून कर्दमेश्वर, भीमचंडी, रामेश्वर, शिवपूर, कपिलधारा असे पाच मुक्काम, अन् परत मणिकर्णिका. सुमारे 80 किमी, काशी कायम उजव्या हाताला. भीमचंडी ते रामेश्वर हा टप्पा सर्वांत लांब; अनवाणी चालणाऱ्यांचे पाय तिथेच डांबरावर सोलून निघतात. म्हाताऱ्यांना गाडीने एका दिवसात करवा, नाहीतर विश्वनाथाभोवतीची अंतर्गृही यात्रा पुरे.

विश्वनाथाच्या देवळाचं म्हणाल तर 16व्या शतकात ते पुन्हा उभारण्यात पुढाकार होता नारायण भट्टांचा, घराणं मूळ पैठणचं. 1669 मध्ये औरंगजेबाच्या हुकमाने ते पाडलं. आजचं देऊळ अहिल्याबाईंचं, 1780चं. कळसाचं सोनं महाराजा रणजितसिंहांचं.

गडवेवाले: गंगा तांब्याच्या गडव्यात, म्हणजे लहान लोट्यात, आणायची अन् तोंड डाखाने, म्हणजे वितळलेल्या कथलाने, झाळून बंद करायचं. काठोकाठ भरू नका, बोटभर जागा ठेवा; उन्हात पाणी फुगून डाख सुटतो. झाळून झाल्यावर गडवा रात्रभर कोऱ्या कागदावर उलटा ठेवा, डाग पडला की परत झाळून घ्या. बाजारात रांगेने मांडलेले तयार गडवे घेऊ नका, आत काय भरलं ते कोण पाहते? पाणी नावेतून, मधल्या धारेचं घ्या. जोडीला एक कॅन भरून ठेवा. मावंद्याच्या दिवशी सगळ्या पंगतीला तीर्थ पुरवायचं असते, एका गडव्यात भागत नाही.

घाटवाट: भाऊ, दिवाळीनंतर म्हणता तर कार्तिक पौर्णिमा टाळा. देवदिवाळीला घाटावर पाय ठेवायला जागा नसते, नाववाले म्हणतील तो भाव. विश्वनाथाच्या देवळात मोबाइल चालत नाही, लॉकरमध्ये ठेवावा लागतो. म्हणून एकमेकांना शोधायची जागा आधीच ठरवा. मणिकर्णिकेहून उत्तरेला शिंदे घाट ओलांडला की थोडं पुढे आपल्या नागपूरकर भोसल्यांचा घाट आहे. नावेतून चांगला दिसतो.