तहहयात न्यायाधीश हवेत की नकोत? अलाबामाच्या फ्रँक जॉन्सन यांच्या निमित्ताने

भीमाकाठ (धागाकर्ता):
१९५५ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी फ्रँक जॉन्सन यांना दक्षिणेतल्या अलाबामा राज्यात मॉन्टगोमेरीच्या फेडरल (केंद्रीय) जिल्हा न्यायालयावर नेमलं. वय ३७. काही आठवड्यांतच त्याच शहरात रोझा पार्क्स या कृष्णवर्णीय महिलेला गोऱ्या प्रवाशासाठी बसमधली जागा सोडायला नकार दिला म्हणून अटक झाली. पुढच्या वर्षी तीन न्यायाधीशांच्या पीठानं २ विरुद्ध १ मतांनी बसमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवला. त्या दोघांत जॉन्सन होते. १९६५ मध्ये सेल्माच्या पुलावर पोलिसांनी कृष्णवर्णीयांच्या मताधिकारासाठी निघालेल्या मोर्चेकऱ्यांना झोडपून काढल्यावर मॉन्टगोमेरीपर्यंतच्या मोर्चाला परवानगी दिली तीही त्यांनीच. १९६७ मध्ये त्यांच्या आईच्या घरावर बॉम्बहल्ला झाला. आई थोडक्यात वाचल्या.

निवडणूक लढवावी लागली असती तर हा माणूस पहिल्याच निकालानंतर घरी बसला असता. म्हणून फेडरल न्यायाधीशांची तहहयात नेमणूक रद्द करायला माझा ठाम विरोध आहे.

साधाप्रश्न:
बस आणि मोर्चाबद्दल वादच नाही. पण पुढचं तुम्ही गाळलंत. १९७२ मध्ये ब्राइस मनोरुग्णालयाच्या खटल्यात त्यांनी आठ रुग्णांमागे एक संडास, गरम पाणी ११० अंश फॅरनहाइट, इथपर्यंत ठरवून दिलं. १९७६ मध्ये तुरुंगांची पाळी: प्रत्येक कोठडी किमान ६० चौरस फुटांची हवी. पैसा करदात्यांचा, अर्थसंकल्प विधिमंडळाचा, आणि हुकूम अशा माणसाचा ज्याला कुणी घरी पाठवू शकत नाही. ब्राइसचा खटला २००३ पर्यंत रेंगाळला. न्यायाधीश चुकला तर लोकांनी जायचं कुठे?

भीमाकाठ:
त्या हुकुमाआधी पुराव्यात काय आलं तेही सांगा ना. ड्रेपर तुरुंगातली शिक्षेची कोठडी चार फूट बाय आठ फूट. तीत कधी कधी सहा-सहा कैदी कोंबलेले. खाट नाही, दिवा नाही, पाणी नाही. संडास म्हणजे जमिनीतलं भोक, आणि त्यात पाणी सोडायची सोय कोठडीबाहेर, म्हणजे पहारेकऱ्याच्या मर्जीवर. राज्याच्या वकिलांनी भर कोर्टात घटनेचं उल्लंघन मान्य केलं होतं. अपील कोर्टापुढे हे कागदावर येतं. खालचा न्यायाधीश ते साक्षीदाराच्या तोंडून ऐकतो. ऐकून त्यांनी काय करायला हवं होतं? विधिमंडळाला विनंतीपत्र?

जुनीफाईल:
वकिली करतो म्हणून दोघांनाही अडवतो.

साधाप्रश्न, चुकीवर इलाज आहे: अपील. १९५७ मध्ये अलाबामानं टस्कीगी शहराची चौकोनी हद्द बदलून २८ बाजूंची केली आणि जवळजवळ सगळे कृष्णवर्णीय मतदार शहराबाहेर काढले. जॉन्सन यांनी तो दावा फेटाळला होता. १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांचा निकाल फिरवला. हाच माणूस, हीच खुर्ची.

भीमाकाठ, तुमचं उदाहरण तुमच्याच विरुद्ध जातं. १९७९ मध्ये अपील न्यायालयावर बढती मिळाली तेव्हा जॉन्सन ६० वर्षांचे होते. आपल्याकडे उच्च न्यायालयाचे न्यायाधीश ६२ व्या वर्षी निवृत्त होतात. म्हणजे हे सगळं निकालपत्र आपल्या वयोमर्यादेतही लिहून झालं असतं! त्यांना कवच होतं ते मधेच काढता न येण्याचं आणि पगार कापता न येण्याचं. ते मुदतबंद नेमणुकीतही देता येतं.

साधाप्रश्न:
अपीलाचा मुद्दा मान्य. पण निष्पत्ती बघा. जॉन्सन यांची जागा ज्यांना मिळाली त्याच मायरन थॉम्पसन यांना २०१७ मध्ये अलाबामाच्या तुरुंगांतली मानसिक आरोग्यसेवा अत्यंत अपुरी असल्याचा निकाल द्यावा लागला. २०२० मध्ये तर केंद्रीय न्याय खात्यानंच पुरुषांच्या तुरुंगांवरून राज्यावर दावा लावला. चाळीस वर्षांनी पुन्हा तेच. लोकांना पटल्याशिवाय हुकूम टिकत नाही.

भीमाकाठ:
जुनीफाईल, वयाची अट असायला माझी हरकत नाही; मुद्दा मधेच न काढण्याचा, हे पटलं.

साधाप्रश्न, लोकांना पटायची वाट बघत तोवर त्या कोठडीत कुणी राहायचं? जॉन्सन यांचा लॉ कॉलेजचा सोबती जॉर्ज वॉलेस अलाबामात निवडून आलेला न्यायाधीश होता. १९५९ मध्ये मतदार नोंदणीची कागदपत्रं द्यायला त्यानं नकार दिला. जॉन्सन यांनी अवमानाची तंबी दिल्यावर ती त्यानं गुपचूप ग्रँड ज्युरीकडे (खटला भरायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाकडे) पोहोचवली, आणि बाहेर मात्र आपण फेडरल कोर्टाला नमवलं असा गाजावाजा केला. १९६२ मध्ये त्याच मतदारांनी त्याला गव्हर्नर केलं.