फेब्रुवारीत थट्टेकाड-मुन्नार: दोघी जावा, एक जुनी दुर्बीण. तयारी काय करू?

कृष्णाकाठची आत्या

नमस्कार मंडळी. मी सांगलीची, पोस्टातून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. पक्ष्यांचा नाद उशिराच लागला, आणि तोही सगळा नदीकाठचा. भिलवडीच्या बाजूला सकाळी जाऊन उभं राहिलं की शराटी, चमचे, खंड्या समोर बसलेलेच असतात. आता धाकट्या जावेबरोबर फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात केरळला निघालेय. तीन दिवस थट्टेकाडचं पक्षी अभयारण्य, तीन दिवस मुन्नार. धास्ती एकच. दिवाळीनंतर आंबोलीला गेले होते, तर दोन तासांत एक कुटुरगा दिसला, तोही पाठमोरा. बाकी नुसते आवाज. मान मात्र चार दिवस धरली होती.

पुतण्याची १०×५० (दहापट मोठं दाखवणारी, ५० मिमी भिंगाची) दुर्बीण आहे, ती चालेल की नवी घेऊ? जळवांचं काय करायचं? स्वेटर न्यावा का? डावा गुडघा कुरकुरतो, हेही आत्ताच सांगून ठेवते.

रानभूल

आत्या, फेब्रुवारी कोरडा गेला तर जळवा फारशा नसतात. अवकाळी पाऊस झाला की मात्र लगेच निघतात. लीच सॉक्स घेऊन ठेवा, घट्ट विणीच्या कापडाचे, गुडघ्यापर्यंत येणारे. पँट आत खोचायची, वरून नाडी आवळायची. चावलीच तर उपटू नका, नखाने तोंडाकडून सरकवा. नंतर रक्त बराच वेळ वाहतं, कारण तिच्या लाळेतलं द्रव्य रक्त गोठू देत नाही. बघायला भयंकर, पण घाबरण्यासारखं नाही.

दोडामार्गचा मास्तर

ताई, दुर्बिणीवर पैसे घालण्याआधी कानांवर घाला. कानांना पैसे लागत नाहीत म्हणा.

तुम्ही आंबोलीला ऐकलेत ते "नुसते आवाज" म्हणजेच पक्षी होते. नदीकाठी आपण आधी बघतो आणि मग ओळखतो. दाट रानात उलटं चालतं. म्हणून आजपासून रोज दोन असे वीसेक आवाज पाठ करा. आवाजावरून पक्ष्याचं नाव सांगणारं मर्लिन ॲप फोनवर घ्या आणि भारताचा पॅक घरीच उतरवून ठेवा, रानात रेंज मिळेलच असं नाही. पण त्याने नाव दाखवलं की लगेच वहीत लिहू नका. भृंगराज पक्षी इतरांच्या इतक्या हुबेहूब नकला करतो की मी एकदा अर्धा तास सर्पगरुड शोधत होतो.

पहिल्या दिवशी कुटुरग्याचा आवाज बाजूला काढायला शिका. तो दिवसभर कुटरूक कुटरूक करत बाकी सगळं झाकून टाकतो. तो कानाआड झाला की खालचे बारीक आवाज सुटे व्हायला लागतात.

दुसरं, चालू नका. गुडघ्यासाठी म्हणत नाही, पक्ष्यांसाठीच. रानात बराच वेळ शुकशुकाट असतो, आणि मग एकदम थवाच येतो. भृंगराज, निखार, सुतार, सगळे मिळून किडे टिपत पुढे सरकतात. दहा मिनिटं तुमची धांदल, की पुन्हा शांतता. रस्त्याच्या वळणावर घडीचं स्टूल टाकून बसणाऱ्याला हे दिसतं.

आता दुर्बीण. १०×५० मध्ये उजेड भरपूर येतो, पण ती जड, हात थरथरतो, आणि पानांच्या गर्दीत पक्षी चौकटीत सापडता सापडत नाही. ८×४२ हलकी पडते आणि एका नजरेत जास्त रान दिसतं. विकत घेऊ नका, कुणाकडून तरी आठवड्यापुरती मागून आणा. तीही नाही मिळाली तर आहे ती न्या, फक्त गळ्यातला पट्टा काढून खांद्यांवरून घ्यायचा लावा. मान त्या वजनाने दुखली असणार. आणि अंगणातल्या नारळाच्या एकेका झावळीवर दुर्बीण लावायची सवय करा. नजर झावळीवरून न हलवता दुर्बीण डोळ्यांशी आणायची.

कपडे मळकट रंगाचे, आणि मुख्य म्हणजे आवाज न करणारे. माझं विंडचीटर नवीन होतं. थट्टेकाडला कर्णा पक्षी (मलबार ट्रोगन) वीस फुटांवर पाठ करून बसला होता. लाल छाती दिसावी म्हणून मी हळूच बाजूला सरकलो, बाही सळसळली, आणि लाल छाती उडताना दिसली.

फ्रॉगमाउथ या रुंद तोंडाच्या निशाचर पक्ष्यासाठी गाईड लागतोच, आणि हत्तींचं रान असल्यामुळे एरवीही लागतो. मला त्याने कारवीएवढ्या उंचीवर बोट दाखवलं. वेलीत दोन वाळकी पानं अडकलेली, एक राखी, एक तांबूस. मी पानांच्या मागे शोधत होतो. मग तांबूस पानाला मिशा दिसल्या. जोडी होती, राखाडी तो नर. दिवसा ते झोपलेले असतात. फ्लॅश मारू नका आणि आवाजाची रेकॉर्डिंगं वाजवून कुणाला बोलावू नका.

आणखी एक, आम्ही गोचिडी चावून होणाऱ्या माकडतापाच्या मुलखातले, म्हणून सांगतो. २०१६ पासून आमच्या तालुक्यात गोचिडींचा धसका आहे. पाचोळ्यात थेट बसायचं नाही. संध्याकाळी अंघोळीच्या वेळी काखा, जांघा, कानांमागे तपासायचं. परतल्यावर ताप आला तर डॉक्टरला रानात जाऊन आल्याचं आधी सांगायचं.

शोलाप्रेमी

मास्तरांनी सगळं लिहिलं, तारीख मात्र राहिली. मुन्नारजवळचं इरविकुलम राष्ट्रीय उद्यान नीलगिरी ताहरच्या (डोंगरी रानबकऱ्यांच्या) विणीसाठी बहुतेक दर वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये बंद असतं. ते हवंच असेल तर जानेवारीत जा. नसेल तर मुन्नारच्या आसपासचे शोला, म्हणजे डोंगरघळींतली दाट रानं, आहेतच.

यादी करताना उटीवाल्यांची यादी उतरवू नका. मध्ये पालघाटची खिंड आहे आणि दोन्हीकडचे डोंगरमाथ्यावरचे काही पक्षी वेगळे. उटीला नीलगिरी शोलाकिळी, मुन्नारला पांढऱ्या पोटाची. हसऱ्या कस्तुरांचंही तसंच. ब्लॅक अँड ऑरेंज फ्लायकॅचर दोन्हीकडे मिळतो, आणि तो खालच्या झुडपात बसतो, म्हणजे मान वाचली.

स्वेटर हवाच. थट्टेकाड पेरियारच्या काठी, जवळजवळ समुद्रसपाटीला, घामाने जीव नकोसा होतो. मुन्नार १,५०० मीटरच्या वर, पहाटे दात वाजतात. एसीच्या खोलीतून दुर्बीण थेट बाहेर काढलीत तर भिंगांवर वाफ धरते. रात्री एसी लावलात तर ती बाल्कनीत ठेवा.

कृष्णाकाठची आत्या

सगळ्यांची आभारी आहे. जावेच्या नातीची परीक्षा असल्यामुळे तारीख काही हलत नाही, तेव्हा इरविकुलम सोडलं. नारळ आमच्या अंगणात नाही, शेजारच्यांचा आहे. काल त्याच्यावर दुर्बीण लावली तर त्यांच्या सूनबाई गच्चीवरून विचारतात, काही हवंय का काकू. आता जाऊनच सांगितलंय. मास्तर, ते घडीचं स्टूल रेल्वेत कसं नेलंत? खांद्याला अडकवायचं मिळतं का?