गोव्याहून आणलेली जुनी केबिन बोट : गळती कुठून, आणि आतलं काम कुठल्या क्रमाने?

मलप्रभाकाठ

नमस्कार मंडळी. २१ फुटी फायबरची केबिन बोट गोव्यात सेकंडहँड घेतली. आधीची सगळी वर्षं खाऱ्या पाण्यात गेलेली. आता खानापुरात शेडमध्ये ट्रेलरवर उभी आहे. कागदपत्रं झाली की हिडकल धरणाच्या बॅकवॉटरला उतरवायची आहे. इंजिन ४० एचपी, मागच्या फळीला लटकणारं.

अवस्था अशी : बुडात चार बोटं पाणी होतं, ते उपसलं. उजव्या खिडकीखालचा प्लायवूड काळा पडलाय. पुढच्या रेलिंगच्या पायाशी उभं राहिलं की डेक दबतो. मागच्या फळीवर इंजिनच्या बोल्टांभोवती तपकिरी ओघळ आहेत. बिल्ज पंप (बुडातलं पाणी उपसणारा) बंद. खिडक्या, रेलिंग, सगळीकडे जाडजूड सिलिकॉन फासलेलं आहे.

आत फार काही नको. झोपायच्या दोन फळ्या, छोटा ओटा, दिवे आणि एक पंखा. दिवाळी होऊन गेली, पाऊस थांबलाय, म्हणजे काम करायला सहा महिने आहेत. पाणी नेमकं कुठून येतं हे कसं ओळखायचं? आहे त्या सिलिकॉनवर अजून एक थर दिला तर चालेल का?

हिडकल_नावाडी

सिलिकॉनला आत्ता हात लावू नका. आधी शोध, मग इलाज.

आधी बोट आतून पूर्ण कोरडी करा. फरशीच्या फळ्या उचला, कपाटं रिकामी करा, बुड फडक्याने पुसून दोन दिवस पंखा लावून ठेवा. मग तीन वेगळ्या परीक्षा घ्या, कारण पाणी तीन वाटांनी दिसतं.

पहिली वाट दहिवराची. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत रात्री गार होतात आणि बंद केबिनमध्ये फायबरच्या आतल्या अंगाला पाणी सुटतं. लोक त्याला गळती समजून खिडक्या खोलत बसतात. संशय असेल तिथे वीतभर ॲल्युमिनियम फॉईल चारी कडांनी टेपने घट्ट चिकटवा. सकाळी फॉईलच्या तुमच्याकडच्या अंगाला थेंब असतील तर ते दहिवर, उपाय म्हणजे हवा खेळती ठेवणं. फॉईलच्या मागे ओल असेल तर पाणी बाहेरून येतंय.

दुसरी वाट बुडाची. ट्रेलर असा ठेवा की पुढचं टोक वर आणि मागची फळी खाली राहील. आत शंभर-सव्वाशे लिटर पाणी ओता, जास्त नको. बोट ट्रेलरवर ठरावीक जागीच टेकलेली असते आणि पाणी लिटरला किलो भरतं, त्यामुळे काठोकाठ भरली तर बुडाला तडा जाईल. बाहेरचं अंग पुसून शाळेतल्या रंगीत खडूने घासा : ड्रेन प्लगभोवती (बुडातलं पाणी सोडायच्या भोकाचं बूच), बुडातून आरपार गेलेल्या प्रत्येक फिटिंगभोवती, कण्याच्या रेषेवर, इंजिनच्या खालच्या बोल्टांपाशी. तासाभराने बघा. खडू जिथे धुतला गेला तिथून पाणी झिरपतंय. पेन्सिलने गोल करून ठेवा.

तिसरी वाट वरची. एकाने आत टॉर्च घेऊन बसायचं, दुसऱ्याने बाहेरून साध्या नळीने पाणी सोडायचं. प्रेशर वॉशर वापरू नका, तो चांगल्या सांध्यातूनही पाणी आत घुसवतो. सुरुवात खालून : आधी डेक आणि बुड जोडलेली रबराच्या पट्टीखालची शिवण, दहा मिनिटं. मग खिडकीची खालची कड, मग बाजू, मग वरची कड, शेवटी रेलिंग आणि छत. वरून सुरू केलं तर ओघळ सगळीकडून जातो आणि काहीच कळत नाही. आतल्या अस्तरामागून पाणी दोन-दोन फूट वाहत जाऊन मगच टपकतं, म्हणून शक्य असेल तिथलं अस्तर आधी काढा. उजव्या खिडकीखालचा काळा प्लाय त्या खिडकीनेच केला असं गृहीत धरू नका. वरच्या रेलिंगचा पाया फुटभर पुढे असेल तर पाणी तिथूनही आलेलं असू शकतं.

उद्यमबाग_लेथ

सिलिकॉनवर सिलिकॉन अजिबात नको. जुन्या सिलिकॉनवर काहीच धरत नाही, नवं सिलिकॉनसुद्धा. शिवाय बाहेरून फासलेला थर भोक बुजवत नाही, आत शिरलेलं पाणी मात्र अडवून ठेवतो. तिथेच कुजायला सुरुवात होते.

खिडकी पूर्ण काढायची. स्क्रू काढल्यावर फ्रेमच्या मागे पातळ प्लास्टिकची पट्टी सरकवत सोडवा. स्क्रूड्रायव्हरने उचकटलं तर ॲल्युमिनियम वाकतं आणि वाकलेली फ्रेम परत कधी नीट बसत नाही. सिलिकॉन ब्लेडने खरवडा, उरलेलं बारीक पॉलिशपेपरने घासून काढा, शेवटी ॲसिटोनने पुसा. काच ॲक्रिलिकची असेल तर तिला ॲसिटोन लावू नका, ती पांढरी पडून बारीक तडकते.

बसवताना ब्युटाइल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी) वापरा. ती कधी कडक होत नाही, फ्रेमसोबत ताणली जाते. फ्रेमच्या आतून सलग फिरवा आणि सुरुवातीचं आणि शेवटचं टोक एकमेकांवर चढवून दाबा. हे टोक वरच्या कडेला ठेवा, खालच्या नको. स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळायचे. पहिल्या दिवशी टेप कडेने जराशी बाहेर येईपर्यंत, दुसऱ्या दिवशी परत, तिसऱ्या दिवशी परत. बाहेर आलेली प्लास्टिकच्या पट्टीने कापा. सगळं एकदमच आवळलं तर स्क्रूजवळची टेप पिळून जाते आणि मधे पोकळी राहते. ॲक्रिलिक थेट बोल्टने बसवलं असेल तर भोकं बोल्टपेक्षा दीड-दोन मिमी मोठी ठेवा. मीटरभर ॲक्रिलिक तीस अंशांच्या फरकात साधारण दोन मिमी वाढतं. भोक घट्ट असेल तर तडा तिथूनच निघतो.

आता दबणारा डेक. दोन फायबरच्या थरांमध्ये प्लाय किंवा बाल्सा (हलकं लाकूड) असतो, तो भिजलाय. छोट्या हातोडीच्या दांड्याने ठोकत जा : चांगल्या जागी टणक आवाज, कुजलेल्या जागी भद्द. ती सीमा खडूने आखा. थाळीएवढी जागा असेल तर वरचा थर कापून काढा, कुजका गाभा खरवडा, पूर्ण वाळू द्या, नवा प्लाय दाट इपॉक्सीत (रेझिन आणि हार्डनर कालवून होणारा गोंद) बसवा आणि वरचा थर परत चिकटवा. बारीक भोकं पाडून आत पातळ इपॉक्सी सोडायचा मार्ग पुष्कळ लोक सांगतात. ओल्या लाकडात इपॉक्सी शिरत नाही, त्यामुळे पुढच्या पावसापर्यंत परत तेच.

रेलिंगच्या प्रत्येक बोल्टसाठी : बोल्ट ६ मिमीचा असेल तर भोक १२ मिमी करा, खालून टेप लावा, दाट इपॉक्सीने भरा, कडक झाल्यावर मधोमध ६ मिमीचं भोक पाडा. आता बोल्टभोवती लाकूड नाहीच, सांधा निसटला तरी पाणी गाभ्यात जात नाही. वरच्या तोंडाला काउंटरसिंक (भोकाचं तोंड रुंद करणारं ड्रिल) थोडा फिरवा, त्या खळग्यात ब्युटाइल बसून आपोआप वायसर तयार होतो. खालून ५ मिमी ॲल्युमिनियमची पट्टी द्या, नुसते वायसर नकोत. या पट्ट्या आणि बुडातल्या फिटिंगा बेळगावच्या उद्यमबागेत कुठल्याही लेथवर करून मिळतात. फिटिंग गनमेटलची (तांबं-कथिलाचा मिश्रधातू) मागा. पिवळ्या पितळेतलं जस्त पाण्यात झिजतं, धातू गुलाबी आणि ठिसूळ होतो. तुमच्या जुन्या फिटिंगा कानशीने जरा घासून बघा, आत गुलाबी दिसलं तर सरळ बदला.

पाण्याखालच्या फिटिंगांना ब्युटाइल नको. तिथे पॉलियुरेथेन सीलंट, आणि वाळायला आठवडा द्या.

मलप्रभाकाठ

सर्वांचे आभार. तिन्ही परीक्षा झाल्या. खिडकी खालच्या कडेने गळते आणि रेलिंगचे दोन पाये गळतात, दोन्ही. बुडातून फक्त ड्रेन प्लगची बैठक आणि इंजिनचे खालचे दोन बोल्ट. पण मागच्या फळीत आतून ५ मिमीचं ड्रिल घातलं तर खालच्या भागात काळा ओला भुसा निघाला, वर कोरडा. इंजिनचा पाय हाताने वर-खाली केला की फळी किंचित हलते. वाचवता येईल का?

फायबर_मिस्त्री

हलते म्हणजे बदलायची, दादा. त्या फळीवर इंजिनचं वजन आणि सगळा रेटा आहे. बाकी गळत्या बोट भिजवतात, ही फळी सुटली तर बोट बुडते. सहा महिन्यांतलं पहिलं काम हेच धरा, ओटा-फळ्या नंतर.

इंजिन उतरवा. बाहेरचा थर तसाच ठेवून आतून काम करा. आतला फायबर कडेने दोन-तीन इंच पट्टी सोडून ग्राइंडरने कापा. कुजका प्लाय पटाशीने सगळा काढा, कोपऱ्यातलाही. जुन्या फळीची जाडी मोजून ठेवा, इंजिनची पकड त्याच मापाची असते. साधारण १८ मिमीचे दोन थर लागतात. प्लायवर आयएस ७१० हा शिक्का बघून घ्या, तो मरीन. आयएस ३०३ चा प्लाय दुकानदार ‘वॉटरप्रूफ’ म्हणून देतो, इथे तो चालणार नाही. दोन्ही थर दाट इपॉक्सीने एकमेकांना आणि बाहेरच्या फायबरला चिकटवा, इंजिनच्या भोकांतूनच लांब बोल्ट घालून आवळा. सगळ्या कडांना इपॉक्सीचे तीन हात. कोपऱ्यात दाट इपॉक्सीची अंगठ्याने ओढल्यासारखी गोलाई द्या, कारण काटकोनात काचेचं कापड बसत नाही आणि खाली हवा राहते. त्यावर कापडाचे तीन-चार थर, बुडावर आणि बाजूंवर प्रत्येकी सहा इंच चढवून.

जुना फायबर आधी ४० नंबरच्या पेपरने चकाकी जाईपर्यंत घासा. बुडावर कुठे तडा निघाला तर जाडीच्या बारा पट उतार करा : ५ मिमी जाडीला सहा सेंटीमीटर, चारी बाजूंनी.

इपॉक्सी वापरणार असाल तर विणलेलं कापड घ्या. साध्या चॉप मॅटमधला (काचतंतूंच्या तुकड्यांची चादर) बांधणारा गोंद पॉलिएस्टर रेझिनमध्येच विरघळतो, इपॉक्सीत नाही, त्यामुळे मॅट ताठ राहते. इपॉक्सीचं प्रमाण वजनकाट्यावर मोजा आणि लवकर वाळावं म्हणून हार्डनर वाढवू नका. त्याने वाळत नाही, कायमचं मऊ राहतं.

पॉलिएस्टर वापरणार असाल तर हे नीट वाचा. दुकानात रेझिन, कोबाल्ट (वाळणं वेगात आणणारं) आणि हार्डनर अशा तीन बाटल्या मिळतात. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळायचे नाहीत, भडका उडतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मग शेवटी हार्डनर, किलोला १० ते १५ मिलि. दोघांना एकच मापाचं झाकण वापरू नका. जमलं तर कोबाल्ट आधीच घातलेलं रेझिन मागा. एका वेळी अर्धा किलोच कालवा, दुपारी तर त्याहून कमी. ४५० ग्रॅमच्या मॅटला चौरस मीटरमागे किलोभर ते सव्वा किलो रेझिन लागतं. जास्त घातलं की ठिसूळ होतं.

डोळ्यांना चष्मा, तोंडाला वाफेचा फिल्टर असलेला मास्क, शेडची दारं उघडी. काचेची धूळ साध्या रुमालाने अडत नाही.

इंजिन परत लावताना वर लेथवाल्यांनी सांगितलेलीच रीत : १२ मिमीच्या बोल्टला २० मिमीचं भोक, इपॉक्सी भरून परत ड्रिल.

वायरमन_निपाणी

बिल्ज पंपाबद्दल. बुडात इंचभराचं भोक पाण्याखाली फुटभर असेल तर मिनिटाला चाळीसेक लिटर पाणी आत येतं. ५०० गॅलन लिहिलेला पंप ताशी १,९०० लिटर, म्हणजे मिनिटाला बत्तीसही नाही, आणि तेही पाणी वर न उचलता. नळी चार फूट चढवली की त्याहून बरंच कमी. म्हणून ११०० गॅलनचा घ्या, फ्लोट स्विचसकट (पाणी वाढलं की पंप आपोआप सुरू करणारा), आणि सोबत हाताचा एक पंप. फ्लोटची वायर मेन स्विचच्या आधी थेट बॅटरीवर, वेगळा फ्यूज लावून, म्हणजे सगळं बंद करून घरी गेलात तरी पंप चालेल. प्रत्येक फिटिंगपाशी मऊ लाकडाची निमुळती गुट्टी दोरीने बांधून ठेवा.

दिवे-पंख्याचा हिशेब : पंखा दीड अँपिअर आठ तास म्हणजे १२, चार एलईडी पाच तास मिळून ५, फोन आणि पंप मिळून ६. दिवसाला २३ अँपिअर-तास. १०० वॉटचं सोलर पॅनेल चांगल्या उन्हात साधारण २५ देतं. १०० ची लेड-ॲसिड बॅटरी निम्मीच वापरायची, म्हणजे उन्हाशिवाय दोन दिवस. इंजिन स्टार्टची बॅटरी वेगळी. घरात वापरतात ती एकतारी वायर नको, धक्क्याने तुटते. बहुतारी तांब्याची २.५ चौरस मिमी पुरते. मुख्य फ्यूज बॅटरीपासून वीतभरात. जोड क्रिंप करून (पकडीने दाबून) वर गोंदवाली हीटश्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी). पिळून टेप गुंडाळलेला जोड वर्षभरात हिरवा होतो.

ओट्यावर गॅस ठेवणार असाल तर घरचा १४.२ किलोचा सिलिंडर केबिनमध्ये ठेवू नका. हा गॅस हवेपेक्षा जड, गळला की बुडात साचतो, आणि तिथेच पंपाची ठिणगी. छोटा ५ किलोचा, बाहेर उघड्या पेटीत, पेटीच्या तळाला बोटीबाहेर निघणारं भोक. पेट्रोलची वाफही तशीच बसते. इंजिन सुरू करण्याआधी फरशीची झडप उघडून वास घ्या.

हिडकल_नावाडी

राहिलेलं सांगतो. खाऱ्या पाण्यातून गोड्या पाण्यात येताय, तर इंजिनवरचा जस्ताचा ॲनोड (इंजिनऐवजी स्वतः झिजणारा धातूचा तुकडा) बदलून मॅग्नेशियमचा लावा. गोड्या पाण्यात जस्तावर पांढरा थर चढतो आणि तो काम करणं थांबवतो, मग झिजतो तो गिअरकेस. इंपेलरही (इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपाचा रबरी पंखा) आत्ताच बदला.

जुनी पेट्रोलची नळी टाकून द्या. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल २० टक्क्यांपर्यंत असतं, जुनं रबर त्याने मऊ पडतं. टाकीत महिनोन्‌महिने पेट्रोल ठेवलं तर पाणी धरून खाली बसतं.

घटप्रभेचा हा जलाशय कर्नाटक नीरावरी निगमाकडे (राज्याचं पाटबंधारे महामंडळ) आहे. त्यांची लेखी परवानगी आणि २०२१ च्या इनलँड व्हेसल्स ॲक्टखाली नोंदणी, दोन्ही हातात आल्याशिवाय बोट पाण्यात नको.

आणि जागा बघताना मे महिन्यात एक चक्कर मारा. पाणी उतरलं की हुन्नूरचं विठ्ठल मंदिर उघडं पडतं, जुने बांध आणि भिंतीही दिसतात. त्यांची ठिकाणं फोनच्या नकाशावर खूण करून ठेवा. पावसाळ्यानंतर तीच दगडं पाण्याखाली हातभर असतात आणि वरून काहीच दिसत नाही. बोट बांधायची दोरी एकाच खुंटाला आखूड ठेवू नका. पातळी आठवड्यागणिक उतरते, बोट काठावर कलंडली की नवीन बसवलेल्या ड्रेन प्लगवर सगळा भार येतो. पहिल्या दिवशी बोट ट्रेलरवरच अर्धी पाण्यात ठेवा, फरशी उघडी टाकून अर्धा तास बुडाकडे बघत बसा, आणि कोरडं दिसलं तरच पट्टे सोडा.